संपर्कशोध की घरगुती चाचणी?
संपर्कशोध म्हणजे बाधिताच्या संपर्कात आलेल्यांना शोधून काढणे. २०२० मध्ये कोविड-१९ बाधिताच्या जवळच्या संपर्कातील व्यक्तींची, लक्षणे नसली तरी, ५ ते १० दिवसांदरम्यान एकदा चाचणी करावी, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा निर्देश होता. जानेवारी २०२२ मध्ये, वय वा सहव्याधींमुळे जोखीम नसलेल्या संपर्कितांना चाचणीची गरज नाही, असे परिषदेने जाहीर केले आणि मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेला घरगुती संचच अनेकांच्या हाती उरला. तो काही मिनिटांत उत्तर देतो, हे खरेच सोयीचे आहे. मात्र लक्षणे असूनही निकाल निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर ही प्रयोगशाळेतील चाचणी करावीच लागे, आणि निकाल संचाच्या मोबाइल ॲपवर नोंदवला नाही तर आरोग्ययंत्रणेला संसर्गाची साखळी दिसत नसे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, खानापूर या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागांत नोकरी, बाजार आणि सोयरीक दोन राज्यांत विभागलेली असल्यामुळे, मनुष्यबळ अधिक लागत असले तरी, मला घरोघरचा संपर्कशोधच निःसंशय श्रेयस्कर वाटतो.