फॉस्टरसाठी घरी कोण आणावं: पिल्लू, मोठा कुत्रा की मांजराची पिल्लं?

शेल्टरमधला एखादा जीव महिना-दोन महिने घरी सांभाळायचा, त्याला कायमचं घर मिळालं की त्या माणसांच्या हवाली करायचा, असं ठरवलं की घरात पहिला वाद होतो तो ‘कुत्रा की मांजर’ यावर. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. दिवसभरात घरी कोण आणि किती वेळ असतं? आणि दार लावून घेता येईल अशी एखादी खोली, निदान एखादं जादा बाथरूम आहे का? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये निम्मा निर्णय इथेच होतो.

कुत्र्याचं पिल्लू

फॉस्टर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम, त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी पिल्लं. त्यामुळे दिवाळी सरली की शेल्टरवाल्यांचे फोन सुरू होतात. पिल्लाला घराची गरजही खरोखर मोठी. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत जे अनुभव मिळतात, त्यांवर पुढचा स्वभाव बराचसा ठरतो. मिक्सरचा आवाज, दारावरची बेल, लहान मुलं, आजोबांची काठी हे सगळं त्याच वयात ओळखीचं व्हायला हवं आणि पिंजऱ्यात ते होत नाही.

पण पहिल्यांदाच फॉस्टर करणाऱ्याला मी पिल्लू सुचवत नाही. लसी सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक असं करत सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर त्याला रस्त्यावर उतरवायचं नाही, म्हणजे शी-शू सगळं घरात. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला वर्तमानपत्रावर न्यायला माणूस हवा. दोघंही नोकरीवर जाणाऱ्या घरात हे निभत नाही, आणि दहा तास एकटं कोंडलेलं पिल्लू शेल्टरमध्येच बरं असतं, कारण तिथे निदान भावंडं असतात.

शिवाय पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजाराची भीती. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि बघता बघता पिल्लू हातचं जातं. माणसाला हा विषाणू काही करत नाही, पण घरात, जिन्यात, मातीत तो महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनेलवर विसंबू नका. फरशी आधी स्वच्छ धुवून मग ब्लीचच्या पाण्याने पुसायची. तुमच्या घरात गेल्या वर्षभरात पार्व्होचा कुत्रा येऊन गेला असेल, तर लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका. शेल्टरला हे आपणहून सांगा.

मोठा कुत्रा

नोकरदार घरासाठी माझं मत याच बाजूला पडतं. शेल्टरमध्ये सगळ्यांत जास्त काळ अडकून पडतात ते दोन-तीन वर्षांचे गावठी कुत्रे. पाय मोडून आलेले, ऑपरेशन होऊन टाके सुकायची वाट बघणारे, कुणीतरी हौसेने पाळून मग सोडून दिलेले. असा कुत्रा दिवसाचा बराच वेळ झोपतो. फिरायला नेलं की बाहेरच उरकतो. सकाळ, संध्याकाळ आणि रात्री झोपण्याआधी अशा तीन फेऱ्या मात्र चुकवून चालत नाहीत, जुलैच्या पावसातही नाहीत. जेवणाला चिकन-भात, त्यात मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको.

अवघड असतात ते पहिले काही दिवस. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला लिफ्ट, गुळगुळीत फरशी, पंखा या सगळ्यांचीच धास्ती वाटते. एखादा दोन दिवस कोपऱ्यातून उठत नाही, जेवतही नाही. त्याला गोंजारायला जाऊ नका. त्याच खोलीत आपलं काम करत बसा, वाटी जवळ ठेवा आणि उठून जा. एका संध्याकाळी तो आपणहून येऊन तुमच्या पायाशी बसतो, तेव्हा किती बरं वाटतं! या दिवसांत जास्त जपायचं ते तो दारातून निसटू नये म्हणून. गळ्यातला पट्टा मान मागे खेचून निघू शकतो, म्हणून सोबत हार्नेसही, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घाला आणि बाहेर पडताना दोर दोन्हींना बांधा.

ऑपरेशन झालेला कुत्रा घेतलात तर काम आणखी आखीव होतं. वेळेवर गोळ्या द्यायच्या, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही, जिने चढू द्यायचे नाहीत, दहा ते चौदा दिवसांनी टाके काढायला न्यायचं. ज्यांना जास्त दिवसांची हमी देता येत नाही त्यांच्यासाठी हे उत्तम.

मांजरं

एक खोली आणि खिडक्यांना पक्की जाळी असेल, तर मांजर कुत्र्यापेक्षा सोपं. फिरवावं लागत नाही, आणि लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूचा वाळूचा ट्रे, वापरायला पिल्लं लगेच शिकतात. जाळी मात्र आधी, मांजर नंतर. ‘खिडकी बंदच ठेवतो’ हे चौथ्या-पाचव्या मजल्यावर पुरेसं नाही. कामाला येणाऱ्या मावशी झाडताना सवयीने खिडकी उघडतात.

मांजराच्या पिल्लांत दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि शेल्टरचा फोन आला की पहिलं वय विचारा. डोळे न उघडलेली किंवा नुकती उघडलेली पिल्लं म्हणजे दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. गाईचं दूध चालत नाही, जुलाब लागतात; मांजरांसाठीची दूध पावडरच लागते. पिल्लाला उताणं धरून पाजायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. अंग गार असेल तर आधी कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून ऊब द्यायची, मगच दूध. पाजून झालं की ओल्या कापसाने पुसून शू करवायची, कारण आईच्या चाटण्याशिवाय त्यांना ती होत नाही. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करायचं. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वजन वाढलं नाही तरी डॉक्टरांना फोन करायचा. एवढं करूनही काही पिल्लं जातात. हे दुःख सोसवणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

स्वतः खाऊ लागलेली, पाच-सहा आठवड्यांची दोन पिल्लं हा मात्र पहिल्या खेपेसाठी मला सर्वांत आवडणारा पर्याय. दोनच हवीत. ती एकमेकांशी खेळतात, जोरात चावायचं नाही हे एकमेकांकडून शिकतात, आणि तुम्ही ऑफिसात असताना एकटी पडत नाहीत. त्यांच्या अंगावर गोल टक्कल दिसलं तर तो गजकर्ण असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घरी गरोदर बाई असेल तर लिटर बॉक्स दुसऱ्याने, आणि रोजच्या रोज, साफ करावा.

घरात आधीच कुत्रा किंवा मांजर असेल, तर त्याच्या लसी पूर्ण हव्यात आणि पाहुण्याला दोन आठवडे वेगळी खोली हवी. ती नसेल तर सध्या थांबा.

हो म्हणण्यापूर्वी

कुठलाही पर्याय निवडलात तरी घरातल्या मोठ्यांनी रेबीजची आगाऊ लस घेतलेली चांगली. चावलं किंवा ओरखडा उठला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पिल्लू छोटं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. भाड्याच्या घरात मात्र मालकाशी आधीच बोला, म्हणजे अर्ध्यात प्राणी परत नेण्याची वेळ येणार नाही.

शेल्टरकडून चार गोष्टी लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल: डॉक्टर आणि औषधांचा खर्च कोण करणार, रात्री तब्येत बिघडली तर फोन कुणाला करायचा, सांभाळ कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाहीच जमलं तर किती दिवसांत ते परत नेतील. पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर दुसरी संस्था बघा.

आणि दिवाळीच्या आठवड्यात नवा कुत्रा घरी आणू नका. अनोळखी घर आणि त्यात फटाके, अशा वेळी उघड्या दारातून पळालेला कुत्रा सापडणं फार कठीण. फटाके थांबले की आणा.