शोध फॉर्मला तीन एक्सपोर्ट बटणं: आठ महिने वापरून

आमच्या पतसंस्थेच्या वेब सॉफ्टवेअरमध्ये 'कर्जखाते शोधा' या फॉर्मखाली आठ महिन्यांपूर्वी शोधून आलेली यादी फाइलमध्ये उतरवणारी एक्सेल, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) आणि पीडीएफ अशी तीन बटणं आली. त्याआधी नुसतं 'प्रिंट' होतं. थकबाकीदारांची यादी छापायची आणि मार्च एंडला तीच परत एक्सेलमध्ये टाइप करायची, हा उद्योग मी पाच वर्षं केलाय. त्यामुळे बटणं दिसली त्या दिवशी ऑफिसात भजी आली.

पहिल्याच आठवड्यात ठेच लागली. एक शाखा आणि ९० दिवसांवरची थकबाकी निवडून शोधलं. वर '३४२ नोंदी' दिसत होतं, एक्सेलमध्ये उतरल्या फक्त ५०. पडद्यावरचं पहिलं पान तेवढं बाहेर पडलं होतं, आणि तोवर यादी वसुलीवाल्यांच्या हातात गेलेली! तक्रारीनंतर महिन्याभरात दुरुस्ती झाली, पण मोजून बघायची सवय मला लागली ती लागलीच.

सगळ्यात जास्त छळलं सीएसव्हीने. डबल क्लिक केलं की सभासदांच्या नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं. फाइल यूटीएफ-८ मध्येच (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत) होती, पण ते सांगणारी बीओएम ही तीन बाइटची खूण फाइलच्या सुरुवातीला नव्हती. ती नसली की विंडोजवरचं एक्सेल अक्षरं साठवायची जुनीच पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, धरून बसतं. नावांचा घोळ निदान दिसतो तरी. आकड्यांचा दिसत नाही. ००४५२ चं ४५२ होतं. एक्सेल आकड्याचे १५ च अंक धरतं, त्यामुळे १६ अंकी बँक खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि सेव्ह केलं की मूळ अंक गेला तो गेलाच. नेफ्टच्या यादीत हे आमच्या कॅशियर ताईंनी पकडलं म्हणून वाचलो. एका कॉम्प्युटरवर तारखा अमेरिकन पद्धतीच्या होत्या, तिथे ०५/०४ चा हप्ता ४ मेला गेला. आता मी सीएसव्ही 'डेटा' टॅबमधून आत घेते आणि खाते क्रमांकाचा कॉलम 'टेक्स्ट' ठेवते.

एक्सेलचं बटण मात्र खरंच कामाचं, खाते क्रमांक मजकूर म्हणूनच येतात. सुरुवातीला फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारची होती. तिच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही, आणि आमच्या वर्षभराच्या व्यवहार-नोंदी लाखाच्या वर. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद याच मर्यादेपायी मागे राहिली होती. ते दाखवल्यावर कंपनीने एक्सएलएसएक्स दिलं. त्यात १०,४८,५७६ ओळी मावतात.

पीडीएफ संचालकांच्या सभेपुरती ठीक. पण 'शिंदे'तली पहिली वेलांटी 'श' सोडून 'द'च्या डोक्यावर बसते, ते अजून तसंच आहे. अशी यादी नोटिशीला जोडायची म्हणजे लाजच.

बटणं हवीतच, टायपिंगचे दोन दिवस वाचतात. पण कुठली शाखा, किती दिवसांची थकबाकी, काय लावून शोधलं होतं ते फाइलमध्ये कुठेच उमटत नाही. तीन वेळा मागितलं, अजून मिळालं नाही. तोवर मी फाइलच्या नावातच लिहिते: 'थकबाकी_९०वर_३४२'. उघडल्यावर आधी शेवटच्या ओळीवर जाते.