विषय मधोमध, दिनांक उजवीकडे : ऑब्सिडियनमध्ये आठ महिने

ठाण्यात चरईतल्या आमच्या २८ फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा इतिवृत्ताचं जाडजूड रजिस्टर आणि एक पेन ड्राइव्ह हातात आला. ड्राइव्हमध्ये ‘नोटीस फायनल’, ‘नोटीस फायनल २’ आणि ‘नोटीस खरी फायनल’ अशा वर्डच्या फायली. त्यातली खरी कुठली हे आधीच्या सेक्रेटरींनाही सांगता येईना. फेब्रुवारीत मी सगळा कारभार ऑब्सिडियन या नोटा लिहिण्याच्या अ‍ॅपमध्ये हलवला. वैयक्तिक वापराला फुकट, आणि प्रत्येक नोट म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमधली साध्या मजकुराची फाइल. उद्या अ‍ॅप राहिलं नाही तरी नोटपॅडमध्ये उघडेल. शोध झटपट लागतो, एका नोटेतून दुसरीत उडी मारता येते. ‘गच्ची गळती’ म्हटलं की तीन वर्षांचे ठराव समोर. याबद्दल सगळेच लिहितात, मी लांबवत नाही.

मी अडले ती पहिल्याच पत्राला. दिनांक उजवीकडे, प्रति डावीकडे, विषय मधोमध, ‘आपली विश्वासू’ पुन्हा उजवीकडे : पत्राचा हा साचा शाळेत बाईंनी घोटून घेतलेला. ऑब्सिडियनमध्ये मजकूर मधे नेण्याचं बटणच नाही. मला वाटलं, मलाच सापडत नाहीये. तसं नव्हतं. हे अ‍ॅप मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहिण्याची पद्धत, वापरतं, आणि जॉन ग्रुबरने २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हापासून त्यात हा मथळा, ही यादी, हे ठळक एवढंच सांगता येतं. ओळ कुठे बसवायची यासाठी खूणच नाही. अपवाद तक्त्याचा, तोही नंतर आलेला. मथळ्याखालच्या रेघांच्या ओळीत उजवीकडे विसर्गासारखे दोन ठिपके दिले की तो रकाना उजवीकडे सरकतो, दोन्ही बाजूंना दिले की मधे. देखभाल खर्चाचा तक्ता मी पहिल्याच दिवशी असा केला. ९५० च्या खाली १२,४०० नीट एककाखाली एकक बसले, आणि ते आजवर हललेले नाहीत.

पत्रासाठी मी आधी सोपा रस्ता धरला : एक प्लगइन, म्हणजे अ‍ॅपला वरून जोडायची जादा सोय. नाव देत नाही, बनवणाऱ्याने फुकट दिलंय. (बाहेरची प्लगइन मुळात बंद असतात, सेटिंगमध्ये जाऊन स्वतः परवानगी द्यावी लागते.) वर्डसारखी बटणं आली, महिनाभर खूश होते. मग एकदा ठाणे-वाशी गाडीत ऐरोलीला ऑफिसला जाताना फोनवर दुसऱ्या एका अ‍ॅपमध्ये तीच फाइल उघडली, तर ‘विषय’च्या दोन्ही बाजूंना कंस आणि इंग्रजी खुणांची जत्रा. बटण दाबलं की प्लगइन मजकुराभोवती एचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या खुणा, गुंडाळत होतं. शिवाय अशा एचटीएमएलच्या पोटात ऑब्सिडियन मार्कडाउन वाचत नाही. मागच्या ठरावाची लिंक दिलेली, ती नुसत्या चौकोनी कंसात पडून राहिली. साध्या मजकुरासाठी इथे आले आणि साधा मजकूरच घाण करून बसले. प्लगइन काढलं. ११ नोटा हाताने साफ केल्या, दोन रविवार गेले.

दुसरा रस्ता सीएसएस स्निपेटचा, म्हणजे मजकूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या कोडच्या छोट्या तुकड्याचा. घाबरू नका, मी अकाउंट्समधली आहे, कोडिंगमधली नाही. नोटांच्या फोल्डरमध्ये ‘ऑब्सिडियन’ नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं, नावाआधी टिंब असलेलं. त्यात ‘स्निपेट्स’ फोल्डर. तिथे चार ओळींची फाइल ठेवायची आणि सेटिंगमध्ये ‘अपिअरन्स’च्या तळाशी तिचं बटण चालू करायचं. पुढे फाइल बदलून सेव्ह केली की परिणाम लगेच दिसतो. नोटेच्या डोक्यावर ‘सीएसएसक्लासेस’ या गुणधर्मात स्निपेटमधल्या शैलीचं नाव लिहिलं की ती शैली त्या नोटेपुरती लागते. पण लागते ती सबंध नोटेला. मला हवी होती एका ओळीला.

त्यावर उपाय कॉलआउट. मूळ उपयोग ‘टीप’, ‘सावधान’ अशा रंगीत चौकटींचा. पण चौकटीच्या प्रकाराला आपण मनाचं नाव देऊ शकतो. मी दोन नावं केली, एक उजवीकडचं, एक मधलं, आणि स्निपेटमधून त्यांचा रंग, किनार, चिन्ह, शीर्षक सगळं उडवलं. उरली फक्त जागा. आत लिंक चालते, ठळक चालतं, आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये फाइल उघडली तर फार तर अवतरणासारखी दिसते, वाचता येते. एक कटकट आहे : कर्सर आत गेला की कच्च्या खुणा दिसतात, बाहेर आला की ओळ जागेवर. सवय होते.

आता माझी फजिती. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची. शेवटच्या दिवशी नोटीस तयार केली. वर सोसायटीच्या नावाचा मथळा, त्याखाली ‘सभेची सूचना’ हा दुसरा, दोन्ही स्क्रीनवर मधोमध. पीडीएफ काढलं, न बघताच राम मारुती रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं, २८ प्रती घेतल्या. पहिली प्रत चेअरमनकाकांच्या हातात दिली. ते मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. चष्मा वर करून म्हणाले, “काय गं, सोसायटीचं नाव हल्ली कोपऱ्यात उभं करतात का?”

दोन्ही मथळे डावीकडे. चूक माझीच. ऑब्सिडियनमध्ये लिहितानाचं दृश्य वेगळं आणि वाचनाचं वेगळं, आणि पीडीएफ वाचनाच्या दृश्यावरून निघतं. एकाच मथळ्याला दोन्हीकडे सीएसएसमध्ये निरनिराळी नावं आहेत, आणि नोटेच्या वर दिसणाऱ्या शीर्षकाला तिसरंच. मी फक्त लिहितानाच्या दृश्याचं नाव धरलं होतं. झेरॉक्सवाला शटर ओढत असताना पुन्हा २८ प्रती काढल्या. आता स्निपेटमध्ये तिन्ही नावं स्वल्पविराम देऊन एका ओळीत लिहिली आहेत, आणि पीडीएफ उघडून बघितल्याशिवाय पाठवत नाही.

जस्टिफायचा मोहही मला झाला होता. दोन्ही कडा सरळ, छापील पुस्तकासारखं इतिवृत्त! मराठीला ते स्क्रीनवर सोसत नाही. आपण प्रत्ययावर प्रत्यय चढवतो : ‘पुनर्विकासासंदर्भातल्या’, ‘महानगरपालिकेकडूनसुद्धा’. पुस्तकात असा शब्द ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह देऊन तोडतात. माझ्याकडे तो तुटत नाही, अख्खाच्या अख्खा खाली उडी मारतो, आणि वर राहिलेले दोन शब्द अबोला धरलेल्या व्याह्यांसारखे दोन टोकांना जाऊन बसतात. फोनवर तर बघवत नाही. आठवडाभरात काढून टाकलं. डावीकडून सरळ, उजवीकडे जसं पडेल तसं, हेच आपल्या लिपीला बरं.

खरा फरक पडला तो ओळींमधल्या अंतराने, ज्याच्यामागे मी लागलेच नव्हते. मूळ अंतर १.५ पट. रोमनला ठीक असेल, पण आपल्याकडे वर रफार आणि मात्रा, खाली उकार. वरच्या ओळीचा ‘कृ’ खालच्या ओळीतल्या ‘र्ती’ला टेकू बघतो. १.८ केलं आणि काकांना चष्मा लावून वाचता येऊ लागलं. फॉन्ट स्क्रीनसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, छपाईसाठी आयआयटी मुंबईचा शोभिका. ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचेच हवेत असा हट्ट असेल (माझ्या सासूबाईंचा आहे) तर टिरो देवनागरी मराठी बघा.

फोनचं एक सांगायचं राहिलं. स्निपेटचं फोल्डर लपलेलं असल्यामुळे नोटा फोनवर आल्या तरी ते मागे राहू शकतं. माझं राहिलं होतं, आणि तीन आठवडे मी फोनला दोष देत होते.

पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण शोधाचा, तो नसता तर तीनच दिले असते. महिन्याला एखादंच पत्र लिहिणाऱ्याने या भानगडीत पडू नये, वर्ड उघडावं. खजिनदारकाकूंना मी हे सुचवलेलं नाही. त्यांचं एक्सेल उत्तम चाललंय, आणि त्यांनी माझा स्निपेट बघितला तर पुढचं ऑडिट मलाच करायला सांगतील.