१० टक्के युरिया क्रीम, सहा महिन्यांनंतर: क्रीम उत्तम, डबा मात्र चुकीचा

घोट्याच्या वर तळहाताएवढा एकच कोरडा चट्टा, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा हजर. त्यावर सहा महिने हे क्रीम वापरून झालं. पहिल्या दोन महिन्यांतलं मत 'तात्पुरता आराम, मग पुन्हा तेच' असं होतं. ते मागे घेतो. दोष क्रीमचा नव्हता, ते लवकर बंद करण्याचा होता.

पाच-सहा दिवसांत खपल्या जातात, कातडी नितळ दिसते आणि क्रीम कपाटात जातं. पण वरचा थर नव्याने तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात. तोवर तिथली ओल पटकन उडत राहते, त्यात मोज्याचं इलॅस्टिक रोज नेमकं तिथेच घासतं. म्हणून चट्टाही तिथेच उठतो. जागा बरी दिसू लागल्यावरही महिनाभर दिवसातून दोनदा, पुढे एक दिवसाआड रात्री क्रीम, आणि सैल काठाचे मोजे. तिसऱ्या महिन्यापासून हा क्रम धरला, तेव्हापासून चट्टा फिरकलेला नाही.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकायची. त्या जागेवर साबण नको. टॉवेलने फक्त टिपायचं आणि कातडी ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांतच, क्रीम लावायचं. रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. युरिया पाणी धरून ठेवतो, जेली ते उडू देत नाही. भेगा असतील तर युरिया चांगलाच झोंबतो. त्या मिटेपर्यंत नुसती जेली पुरे.

आता डबा. ५०० ग्रॅमचा, रुंद तोंडाचा, आणि इथेच खरी चीड येते. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं क्रीम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. म्हणजे या चट्ट्याला एका वेळी पाव ग्रॅम, दिवसाला अर्धा, महिन्याला १५ ग्रॅम. डबा संपायला अडीच वर्षांहून जास्त लागतील, आणि त्यावरच्या उघड्या डबीच्या चिन्हात (उघडल्यापासून किती काळात संपवायचं ते सांगणाऱ्या) '१२ महिने' लिहिलंय! वर लावायचं आंघोळीनंतर, म्हणजे ओली बोटं रोज डब्यात. पाण्याबरोबर जंतूही आत जातात. कोरडा, स्वच्छ चमचा वापरला तर हे टळतं, पण चमचा सांभाळायची वेळ ग्राहकावर का यावी? एवढ्याशा चट्ट्याला १०० ग्रॅमची ट्यूब सहा महिने सहज पुरते. स्वस्त पडतो म्हणून मोठा डबा घेऊ नका, निम्म्याहून जास्त फेकावा लागतो.

एक गोष्ट क्रीमच्या आधी तपासा. चट्टा गोल असून कडा उठावदार आणि मध्यभाग साफ दिसत असेल, तर ती बुरशी असू शकते. तिथे युरिया पुरत नाही, आणि मनाने लावलेलं स्टिरॉइड मलम खाज दाबून बुरशी पसरवतं. असा चट्टा आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.