मोठी मेल अडकली : पॉप की आयमॅप?

म्हापशातल्या आमच्या छापखान्यात चवथीच्या तोंडावर गणेशोत्सवाच्या पत्रिकेचं १८ एमबीचं डिझाईन मेलने आलं आणि मागच्या सगळ्या मेल तुंबल्या. मेल उतरण्याची पट्टी निम्म्यावर जायची, पावसाने लाईन तुटायची, की पुन्हा शून्यापासून.

पॉप आणि आयमॅप म्हणजे सर्व्हरवरची मेल आपल्या संगणकावर पाहण्याच्या दोन पद्धती. आमचं खातं पॉप३ वर, म्हणजे पॉपच्याच तिसऱ्या आवृत्तीवर होतं. पॉपमध्ये मेल अख्खी उतरवावी लागते. त्यात जोडलेली फाईल बेस६४ मजकुरात (फाईल साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) बदलून येते, म्हणजे आकार साधारण एक तृतीयांश वाढतो. १८ चे २४ एमबी. खरा त्रास पुढे. मेल उतरत असताना सर्व्हर आपल्या मेलच्या पेटीला कुलूप लावतो, म्हणजे दुसऱ्या जोडणीला आत घेत नाही. लाईन अचानक गेली तर त्याला ते लगेच कळत नाही, आणि पुढच्या वेळी 'पेटी वापरात आहे' असा एरर येतो. कृपा करून तेव्हा पासवर्ड बदलत बसू नका! सर्व्हरने निष्क्रिय जोडणी तोडण्याआधी निदान १० मिनिटं थांबावं, असा पॉपचा नियमच आहे. तेवढं थांबा, वेबमेल (ब्राउझरमधली मेल) उघडा, ती जड मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो. बाकीच्या मेल धडाधड उतरतात.

आयमॅप आधी मथळे (कोणाची मेल, कशाबद्दल) आणतो, फाईल मागितली तरच देतो, तीही हवी तर तुकड्यांनी. एकच पेटी दोन संगणकांवर उघडी चालते. मात्र मेल सर्व्हरवरच राहतात, म्हणून जागा भरते. जुनं काढत राहावं लागतं.

वारंवार तुटणाऱ्या लाईनवर मी आयमॅपच घेईन. सेटिंगमध्ये पोर्ट (सर्व्हरचा जोडणी क्रमांक) ९९३, एसएसएल (जोडणी सुरक्षित करणारी सोय) चालू.