सानलियान ताओफेन: वाचकाला निवांत बसू देणारे दुकान

बीजिंगमध्ये चीनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाजवळ असलेल्या सानलियान ताओफेन या पुस्तकांच्या दुकानात सर्वांत आधी लक्ष जाते ते तळघरात उतरणाऱ्या जिन्याकडे. मी गेलो तेव्हा शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पायरीच्या कडेला बसून गुडघ्यांवर ठेवलेले जाडजूड पुस्तक वाचत होती आणि कुणी खाली उतरू लागले की पानावरची नजर न हलवता पाय आवरून घेत होती. मी बराच वेळ तिथे होतो, पण तिला कुणीही हटकले नाही.

ही रीत समजण्यासाठी, दुकान ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या झोऊ ताओफेन (1895–1944) यांची ओळख करून घ्यायला हवी. 1926 साली या पत्रकार-निबंधकाराने शांघायमधील ‘शेंगहुओ’, म्हणजे ‘जीवन’, या साप्ताहिकाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्याच्या जेमतेम तीनेक हजार प्रती निघत. पुढे हा खप दीड लाखांवर गेला. नोकरी, लग्न, घरातले पेच, देशावरचे संकट अशा कशाही विषयावर वाचक लिहीत आणि त्यांच्या पत्रांना आस्थेने उत्तर मिळे. दूरच्या गावांतले वाचक पुस्तके विकत घेऊन पाठवण्याची विनंतीही करू लागले, तेव्हा त्यासाठी वेगळा विभाग काढावा लागला आणि त्यातूनच 1932 साली शेंगहुओ पुस्तकभांडार उभे राहिले. इतर दोन प्रकाशनसंस्थांबरोबर 1948 मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले आणि ‘सानलियान’, म्हणजे तिघांचा संघ, हे नाव रूढ झाले. ‘वाचकांची मनोभावे सेवा’ हे शेंगहुओचे ब्रीद सानलियानने आजही जपले आहे आणि त्या जिन्यावर ते मला प्रत्यक्ष दिसले. 2014 मध्ये दुकान रात्रभर उघडे ठेवण्याचा निर्णय झाला, तोही मला याच वळणाचा वाटतो.

इतिहास, तत्त्वज्ञान आणि साहित्य ही इथली बलस्थाने आहेत, त्यामुळे चिनी वाचता येणाऱ्याने हाताशी भरपूर वेळ ठेवूनच यावे. मी ताओफेन यांचे ‘जिंगली’ (अनुभव) मागितले. जपानविरोधी एकजुटीची मागणी केल्याबद्दल 1936 च्या नोव्हेंबरात त्यांच्यासह सात जणांना अटक झाली होती, आणि हे आत्मकथन त्यांनी त्या कैदेत लिहिले. विक्रेत्या बाईंनी ते स्वतः शोधून आणून दिले. सामान्य वाचकाला सहज समजेल असेच लिहायचे, हा ताओफेन यांचा आग्रह असे, त्यामुळे माझ्या तोडक्यामोडक्या चिनीलाही त्यांची वाक्ये झेपली, याचा मला फार आनंद झाला. पहिली काही पाने मी त्याच जिन्यावर, त्या मुलीच्या दोन पायऱ्या खाली बसून वाचली आणि मग पैसे द्यायला वर गेलो.