टमाट्याच्या टायमरचा रिव्ह्यू, पाच महिने वापरून

घरात आणला तेव्हा सगळे हसले. चावीचा किचन टायमर आहे, टमाट्यासारखा लाल, फिरवला की टिकटिक करत उलटा येतो आणि शेवटी ट्रिंग, सेल नाही की चार्जिंग नाही. जळगावला फुले मार्केटमधून २२० ला घेतला, खोक्यावर कंपनीचं नाव इतकं बारीक आहे की वाचताच येत नाही, तेव्हा कोणता ते विचारू नका.

स्वयंपाकासाठी घेतलेलाच नाही. आमचा घरगुती बिबडे-पापडाचा धंदा, सहा वर्षांची उधारी सगळी वहीत. दिवाळीत लेकीने मोबाईलमध्ये एक्सेलची शीट करून दिली, म्हणे आई यात टाक फक्त. टाकते म्हटलं. संक्रांत गेली होळी आली, माझं आपलं सकाय करसू, सकाय करसू, म्हणजे उद्या करते. वेळ नव्हता असं सांगायचे पण खोटं होतं ते, दुपारी दोन तास सिरीयल बघायला वेळ होताच ना.

मग लेकीनेच ही टमाट्याची भानगड सांगितली. इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो म्हणून एक जण, १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना अभ्यासाला मन लागेना म्हणून किचनमधलं असलंच टायमर लावून बसायला लागला, टमाट्याला तिकडे पोमोदोरो म्हणतात म्हणून पद्धतीचं नावही तेच. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, असे चार झाले की मोठी सुट्टी. मला पहिल्या दिवशी २५ झेपलीच नाहीत, वही उघडली आणि चौथ्या पानावर जाऊबाईंचं नाव, ११०० रुपये बाकी, तीन वर्षांपासून. तेव्हा कळलं मी शीटला घाबरत नव्हते, या पानाला घाबरत होते. वहीत ते मिटून ठेवता येतं, शीटमध्ये खाली टोटल येते आणि ती समोरच दिसते.

दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटं लावली. आणि एक गंमत लक्षात आली, बिबड्यांचा घाटा, म्हणजे ज्वारीचं पीठ, शिजला की तो कोणाची वाट बघत नाही, गरम आहे तोवर कपड्यावर थापावाच लागतो, म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर मी कधीच आळस करत नाही, गार झाला की थापलाच जात नाही ना. हिशोबाचं तसं नाही, तो वर्षभर गार पडून राहतो. टिकटिक सुरू झाली की हिशोबही त्या गरम घाट्यासारखा होतो, एवढंच काम हे टायमर करतं. मोबाईलचा टायमर लावून बघितला होता आधी, पण मोबाईल हातात घेतला की व्हॉट्सॲप.

आता तक्रारी. २५ लावले तर कधी २४ ला वाजतं कधी २६ ला. पाच मिनिटंच लावायची तर आधी पुढे पार फिरवून मग मागे आणावं लागतं, नाहीतर घंटी वाजतच नाही, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही, मला आठवडाभराने कळलं. टिकटिक मोठी आहे, रात्री लावू नका, सासूबाई उठून बसल्या, कसानी घंटी वाजनी वं? गॅस बंद करायला गेल्या बिचाऱ्या. आणि खालचा प्लॅस्टिकचा बूड हलका, फरशीवर घसरतो, मी खाली रबर चिकटवलं.

एप्रिल-मेमध्ये सीझन होता, तेव्हा महिनाभर हातही लावला नाही हेही सांगते. जूनमध्ये परत सुरू केलं. श्रावणात आमच्या खान्देशात कानबाईचा सण असतो, त्याच्या आधी सहा वर्षांची वही संपली, शेवटचे दोन दिवस टायमर लावायचीही आठवण राहिली नाही.

पाचपैकी साडेतीन. घेताना दुकानातच एकदा पूर्ण वाजवून बघा, दुकानदार वैतागला तरी. जाऊबाईंना शीटचा फोटो पाठवलाय, निळ्या टिका आल्या, पैसे अजून नाही.